अक्कांच्या हॉलमधली झोप

आमच्या रस्त्यावरचं एकही मूल अक्कांच्या हॉलमध्ये झोपल्याशिवाय कॉलेजात गेलेलं नाही. हे मी नाशिकच्या आत्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिनं आईकडे अशा नजरेनं पाहिलं, की बंगळूरला जाऊन पोरगी कामातून गेली. आत्याचंही चुकलं नाही म्हणा. बारावीच्या वर्षात मुलांना झोपवत नाहीत, उठवतात, हे सगळ्या जगाला ठाऊक आहे. पण जयनगरच्या आमच्या त्या झाडांखालच्या रस्त्यावर उलटा कारभार होता. मूल सेकंड पीयूला गेलं, म्हणजे तुमच्याकडची बारावी, की एखाद्या रविवारी अक्का फाटकाशी उभ्या राहून त्याच्या आईला हाक मारायच्या, "झोपायला कधी पाठवतीस त्याला?" आणि आई कन्नड असो, तेलुगू असो, नाहीतर आमच्यासारखी नाशिकहून आलेली, ती मुकाट्यानं पाठवायची.

अक्का आमच्या घरमालकीण. खाली त्या एकट्या, वर आम्ही तिघं. त्यांचं घराणं मराठी, पण इतक्या पिढ्यांपासून बंगळुरात, की मूळ गाव कुठलं ते कुणालाच सांगता यायचं नाही. विचारलं तर म्हणायच्या, तंजावरला निघालेल्या फौजेतला कुणीतरी दमून इथं झाडाखाली आडवा झाला, उठेपर्यंत फौज पुढं गेली, तोच आमचा मूळपुरुष. खरं-खोटं देव जाणे. पण आपलं अख्खं खानदान एका दुपारच्या झोपेमुळे इथं आहे यावर त्यांचा ठाम विश्वास होता, आणि त्याचा त्यांना अभिमानही होता.

गंमत अशी, की या बाईंनी जन्मभर शिकवलं ते लॉजिक. इथल्या पीयू कॉलेजात तो एक विषय असतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तरी ते अंगातून गेलं नव्हतं. शिवाजीनगरला जायला रिक्षा थांबवायच्या आणि रिक्षावाल्याला कन्नडमधून गंभीरपणे सांगायच्या, सगळे प्रामाणिक रिक्षावाले मीटर टाकतात, तुम्ही प्रामाणिक रिक्षावाले आहात, तर आता काय सिद्ध होतं? कधी तो हसून मीटर टाकायचा. कधी निघून जायचा. गेला की अक्का शांतपणे म्हणायच्या, "दुसरं विधान चुकलं बघ," आणि पुढच्या रिक्षाला हात करायच्या. चिडलेल्या अशा मी त्यांना पाहिल्याच नाहीत.

तर पद्धत अशी. रविवारी सकाळी अक्का मुलाला घेऊन सिटी बसनं एखादं कॉलेज बघायला जायच्या. स्थळ बघायला जावं तसं. इस्त्रीची सुती साडी, केसात अबोलीचा गजरा, हातात मनगटापेक्षा मोठं पुरुषी घड्याळ. तिथं कँटीनमध्ये बायटू कॉफी घ्यायची. बायटू म्हणजे एक कॉफी दोन पेल्यांत, हे या गावाचं वैशिष्ट्य. ती पीत नुसतं बसायचं. कुणाला काही विचारायचं नाही. मग घरी यायचं, अक्कांच्या हातचा दहीभात आणि कोवळ्या कैऱ्यांचं लोणचं खायचं, आणि हॉलमध्ये चटईवर पडायचं. वर एक जुना पंखा. दर फेऱ्याला टक करायचा. खिडकीतून करंजाची सावली आत यायची आणि भिंतीवर हलत राहायची. अक्का वेताच्या खुर्चीत बसून असायच्या. आणि मूल जागं होता होता, डोळे पुरते उघडायच्या आत, त्या हळूच विचारायच्या, "कुठं होतीस?"

त्या क्षणी तोंडातून निघेल ते उत्तर. बस्स. तेच खरं, बाकी सगळं तोंड धुतलेलं. हा त्यांचा शब्द होता. उठून बसून, विचार करून, आईवडिलांचा चेहरा आठवून दिलेलं उत्तर म्हणजे तोंड धुतलेलं उत्तर, ते त्या ऐकूनच घ्यायच्या नाहीत. समोरच्या घरातली मुलगी वकिलीचं कॉलेज बघून आली, झोपली आणि उठताना म्हणाली, "भटारखान्यात." ती आज मोठ्या हॉटेलात केक करते आणि दिवाळीला अक्कांना डबा पाठवते. कोपऱ्यावरच्या घरातला एक मुलगा मात्र उठून नीट बसला, केस सारखे केले आणि म्हणाला, "मेडिकल कॉलेजमध्ये, आंटी." तो डॉक्टर झालाही. त्याचं नाव निघालं की अक्का हळहळायच्या. मला हसू यायचं. डॉक्टर झालेल्या मुलासाठी हळहळणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मी स्वतः जन्माची झोपाळू. आई मला कुंभकर्णाची नात म्हणायची. परीक्षेच्या आदल्या दिवशीही दुपारी माझे डोळे मिटायचे, आणि त्यावरून घरात जी बोलणी बसायची ती ऐकता ऐकताही मिटायचे. त्यामुळे अख्ख्या बंगळुरात माझी कदर करणारी एकच व्यक्ती होती, आणि ती आमच्याच खाली राहत होती, याला मी नशीब म्हणते.

बाबा सरकारी कारखान्यात प्लॅनिंग खात्यात. विमानांचे सुटे भाग बनतात तिथं. कुठला भाग कुठल्या मशीनवर कधी चढणार आणि कधी उतरणार याचे तक्ते करणं हे त्यांचं काम, आणि ते त्यांना मनापासून आवडायचं. माझं सेकंड पीयू लागल्यावर त्यांनी दिवाणखान्याच्या भिंतीवर माझ्या वर्षाचा तक्ता लावला. रंगीत पट्ट्या. निळी फिजिक्स, हिरवी गणित, लाल सीईटी. शेवटी एक लांब सोनेरी पट्टी होती. तिच्यावर लिहिलं होतं, कॉम्प्युटर सायन्स. आणि रविवार दुपारच्या चौकोनात बारीक अक्षरात, स्लॅक. म्हणजे काम रेंगाळलं तर सांभाळून घ्यायला मोकळा ठेवलेला वेळ. अक्का वर आल्या, चष्मा लावून तक्ता वाचला आणि म्हणाल्या की छान आहे, तो स्लॅक तेवढा मला द्या.

त्यांचं स्वतःचंही वर्षाचं नियोजन होतं, ते झाडांवर चालायचं. टॅबेबुयाला गुलाबी फुलं आली की नवीन काही वाचायचं नाही, झालेलं पुन्हा काढायचं. जॅकरंडा जांभळा झाला की परीक्षा. गुलमोहर पेटला की पुस्तकं माळ्यावर, आणि झाडाला नुसती पानं उरली की अर्ज. बाबांनी एकदा सभ्यपणे विचारलं, की फुलं काय तारखेला येतात का. तर अक्कांनीही तितक्याच सभ्यपणे विचारलं, तुमचे पार्ट येतात का, अण्णा? बाबांना त्या अण्णाच म्हणायच्या, वयानं लहान असले तरी. बाबा हसून तक्त्याकडे वळले. पण त्या वर्षी गुलाबी फुलं आली तेव्हा ऑफिसला जाताना त्यांनी स्कूटर थांबवून वर पाहिलं, ते मी गॅलरीतून बघितलं होतं.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते शहराबाहेरच्या एका मोठ्या इंजिनीअरिंग कॉलेजात. काचेची इमारत, संगमरवरी फरशी, थंडगार हवा. रविवार असून ॲडमिशनसाठी माणसं बसवलेली. एक टाय लावलेला तरुण पुढं आला आणि प्लेसमेंटचं बोलायला लागला, कुठली कंपनी येते, कुठली येणार आहे. अक्कांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, इथं दुपारी मुलं आडवी कुठं होतात? तो म्हणाला, मॅडम, हॉस्टेल आहे ना. अक्का म्हणाल्या, हॉस्टेलचं नाही विचारलं, तास सुटल्यावर झाडाखाली कुठं पडतात? त्या बिचाऱ्यानं खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर पार्किंग होतं. कॉफी मशीनची होती, तिचे दोन भाग करायची सोय नव्हती. घरी येऊन मी झोपले. उठताना अक्कांनी विचारलं तर म्हटलं, "लिफ्टमध्ये." कसली लिफ्ट, तर जिच्या बटणांवर आकडे नव्हते. ती बिनआकड्यांची लिफ्ट मात्र पुढं कित्येक दिवस माझ्या डोक्यातून गेली नाही.

कारण मला काय हवंय ते मलाच माहीत नव्हतं. गणित यायचं, फिजिक्स यायचं, सगळंच थोडं थोडं यायचं. कशाचा कंटाळा नव्हता आणि कशाची ओढही नव्हती. बाबांच्या सोनेरी पट्टीकडे पाहिलं की मला गुदमरल्यासारखं व्हायचं, पण तिच्या जागी दुसरी कुठली लावू म्हटलं तर हात रिकामा. आणि बाबा रागीट असते तर भांडले तरी असते. ते सकाळी उठून माझ्यासाठी बदाम सोलून ठेवायचे. अशा माणसाशी भांडायचं कसं?

मग टॅबेबुया फुलला त्या दिवसांत आम्ही कुठलंतरी कॉलेज बघून परत येत होतो आणि अक्का मध्येच लालबागेपाशी उतरल्या. म्हणाल्या, फुलं बघू स्वल्प, म्हणजे कन्नडात थोडी. लालबागेत आत तो मोठा खडक आहे, टेकडीएवढा, उघडाबोडका. अब्जावधी वर्षं जुना, असा दगडात कोरलेला फलक आहे तिथं. मी शाळेच्या सहलीत तीनदा तरी त्याच्यासमोर फोटो काढून घेतला असेल, वाचला कधी नव्हता. आम्ही वर जाऊन बसलो. हवा गार होती आणि खडक उन्हानं कोमट झालेला, पोळी टाकून झाल्यावर तवा असतो तसा. करड्या दगडात पांढरे पट्टे वाहत गेलेले. वाहताना कुणीतरी थांब म्हटल्यासारखे. मी एका पट्ट्यावरून बोट फिरवत कधी आडवी झाले ते कळलंच नाही.

"कुठं होतीस?"

"इथंच," मी म्हटलं.

"इथंच म्हणजे?"

"या दगडातच. आतून. मऊ होता अजून. पट्टे हलत होते."

डोळे उघडले तेव्हा अक्का माझ्याकडे बघत होत्या. इतका वेळ, की मी ओशाळून उठून बसले. दहीभात नाही, पंखा नाही, चटई नाही, त्यांचा एकही नियम पाळला गेला नव्हता. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, अक्का, तुम्हाला काय स्वप्नं पडतात? तर त्या सहज म्हणाल्या, "मला पडतच नाहीत गं. लहानपणापासून नाहीत. डोळे मिटले की काळं, उघडले की सकाळ." आणि साडी झटकून उठल्या. बसस्टॉपपर्यंत मी त्यांच्याकडे चोरून बघत होते. रस्त्यावरच्या सगळ्या मुलांच्या उशाशी ही बाई एवढी वर्षं का बसली होती ते मला त्या दिवशी कळलं, आणि फार वाईट वाटलं. त्यांना अजिबात वाटत नव्हतं. त्या फेरीवाल्याकडून शेंगा घेत होत्या.

पुढं मी भूगर्भशास्त्राची माहिती काढली. इथंच शहरात एका जुन्या सायन्स कॉलेजात जिऑलॉजी होतं. कुणाला न सांगता तास बुडवून दोनदा जाऊन आले. व्हरांड्यात लाकडी ट्रेमध्ये दगड मांडलेले होते आणि चिंचेखाली मुलं पुस्तक तोंडावर घेऊन झोपलेली होती. मला रडूच आलं तिथं. अक्कांना सांगितलं. त्या म्हणाल्या, मला काय सांगतीस, वर सांग. मी वर जायचे, बाबा बदाम सोलत असायचे, आणि मी खाली यायचे. असं सगळा गुलमोहर जाईपर्यंत चाललं.

सीईटीची रँक चांगली आली. वाईट आली असती तर किती सोपं झालं असतं. कॉम्प्युटर सायन्स मिळण्याएवढी चांगली आली, बाबांनी अख्ख्या खात्यात म्हैसूरपाक वाटला, आणि मी हसून सगळ्यांचे फोन घेतले.

कॉलेजांचा पसंतीक्रम भरायचा शेवटचा दिवस आला. बाबांनी रजा टाकली होती. आठवडाभर त्यांचा डोळ्याला डोळा नव्हता, कुठलं कॉलेज वर, कुठलं खाली, याच्या पट्ट्या करकरून. सकाळपासून साइट उघडत नव्हती. नुसतं चक्र फिरत होतं. दुपारी अक्कांनी खालून हाक मारली, की साइट उघडेपर्यंत जेवून तरी घ्या. आम्ही तिघं खाली गेलो, बाबा लॅपटॉप काखेत मारून. दहीभात झाला. बाबा लॅपटॉप मांडीवर घेऊन चटईवर भिंतीला टेकून बसले. पंखा टक टक करत होता. भिंतीवर करंज हलत होता. आणि बघता बघता बाबांची मान कलली.

आई घाबरली. संध्याकाळी मुदत संपत होती. ती त्यांना हलवायला निघाली तर अक्कांनी हात आडवा धरला. "स्वल्प झोपू दे त्यांना. साइट तरी कुठं जागी आहे?" अक्कांनी लॅपटॉप अलगद काढून घेतला, बाबा चटईवर घसरत आडवे झाले. मी बाबांना असं दुपारी झोपलेलं आयुष्यात पाहिलं नव्हतं. तोंड थोडं उघडं, पाय जवळ घेतलेले. हा माणूस किती दमलाय, आणि माझ्यासाठी दमलाय, हे समोर बघून माझ्या मनातलं होतं नव्हतं ते धाडस गेलं. मी ठरवलं की आता काही बोलायचं नाही. होऊ दे कॉम्प्युटर. लिफ्ट तर लिफ्ट.

बऱ्याच वेळानं बाबा हलले. अक्का खुर्चीतून पुढं वाकल्या. मला वाटलं, नका विचारू, ते चिडतील.

"कुठं होता, अण्णा?"

"शॉपमध्ये," बाबा म्हणाले. डोळे मिटलेलेच होते. "नवीन मशीन लावलंय. तेलाचा वास येतोय. सगळे पार्ट वेळेवर आलेत. एकसुद्धा..." आणि ते हसले. इतकं मोकळं, की आईनं माझा हात धरला.

मग त्यांनी डोळे उघडले, आम्हा तिघींना बघितलं आणि दचकून लॅपटॉप शोधायला लागले. अक्का म्हणाल्या, "बसा अण्णा. सुट्टीच्या दिवशी झोपलात तरी कारखान्यात गेलात. माणूस आपल्या जागी असला की असं तोंड होतं. हिचं तसं तोंड मी बघितलंय. तुम्ही बघितलं नाही."

"कुठं?" बाबांनी विचारलं.

अक्कांनी फक्त माझ्याकडे पाहिलं. पंखा किती वेळा वाजला कोण जाणे. तोंड धुतलेलं उत्तर माझ्या जिभेवर तयार होतं, आणि ते मी गिळलं.

"लालबागेतल्या खडकावर, बाबा. मला दगड शिकायचेत. जिऑलॉजी. मला कॉम्प्युटर नको."

बाबा चटईची एक सुटलेली काडी आत खोचत बसले. आई काही बोलायला गेली, तिलाही त्यांनी हातानं थांबवलं. शेवटी त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तिथल्या ॲडमिशनला स्लॅक किती आहे?"

"शुक्रवारपर्यंत."

"मग उद्या बघून येऊ," ते म्हणाले. साइट संध्याकाळी उघडली, आणि बाबांनी पसंतीक्रम भरलाच. प्लॅनिंगचा माणूस, रकाना रिकामा ठेवणं त्यांच्या रक्तात नाही. पण दुसऱ्या दिवशी आम्ही बसनं त्या सायन्स कॉलेजात गेलो. बायटू कॉफी घेतली. बाबांनी व्हरांड्यातल्या ट्रेमधले दगड एकेक करून पाहिले, खालच्या चिठ्ठ्या वाचल्या, दोन दगडांची अदलाबदल झाली होती ती मला विचारून नीट लावली. चिंचेखाली येऊन बसले आणि म्हणाले, व्यवस्थित लावलंय सगळं. त्यांच्या तोंडून याहून मोठं कौतुक मी आजवर ऐकलेलं नाही. घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरची सोनेरी पट्टी सोलून काढली. तिथं रंग थोडा निघाला, तो अक्कांनी कधी लावून घेतला नाही.

आता ते घर नाही. अक्कांच्या पुतण्यांचाही त्यात वाटा होता, त्यांनी बिल्डरला दिलं, आणि तिथं बाल्कन्यांची उंच इमारत उभी राहते आहे. करंज आधीच तोडला. आम्ही कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये गेलो. अक्का म्हैसूरला भाचीकडे राहतात. तिथं हॉलमध्ये एसी आहे आणि कुणाचं मूल झोपायला येत नाही, कारण तिथली मुलं क्लासेससाठी कोटाला गेली आहेत. हे त्या तक्रार म्हणून सांगत नाहीत. विधान म्हणून सांगतात.

मागच्या महिन्यात आमचा फील्ड कॅम्प चित्रदुर्गाकडे होता. दुपारी ऊन फार, म्हणून सगळे हातोड्या टाकून एका वडाखाली बसलो. मी अर्थातच झोपले. जाग येत होती तेव्हा डोळे मिटलेलेच ठेवून मी वाट बघत राहिले, कुणीतरी विचारेल म्हणून. कुणी विचारलं नाही. शेजारी माझी मैत्रीण फोनवर बोलत होती. मग मी उठले, तोंड न धुता थोडी लांब गेले आणि म्हैसूरला फोन लावला.

"अक्का, मी आत्ता तुमच्या हॉलमध्ये होते."

पलीकडे टीव्ही बंद केल्याचा आवाज आला.

"मी होते काय तिथं?" अक्कांनी विचारलं.

"होतात. खुर्चीत."

"आणि पंखा?"

"चालू होता. टक टक करत होता."

पलीकडून अक्कांचा श्वास ऐकू येत होता. जन्मात एक स्वप्न न पडलेली ती बाई म्हैसूरच्या त्या गार खोलीत कानाला फोन लावून काय बघत होती, मला माहीत नाही.

"सरी, बरं," त्या म्हणाल्या. "म्हणजे घर आहे. आणखी स्वल्प झोप, जा."